चकव्याला हाकलण्यापूर्वी

शिवडीच्या आमच्या धर्मग्रामात हल्ली एका चोरावरून वाद माजला आहे. हा चोर कागदावरचा आहे. त्याचे नाव चकवा. रात्री वाटसरूला त्याच त्या वाटेने फिरवणाऱ्या भुताचे नाव एका सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या खेळातील पात्राला दिले आणि काही पालकांची झोप उडाली. चोरी करणारा, त्यात जादूने भास उभे करणारा, आणि हे सारे चर्चच्या सभागृहात, रविवारच्या धर्मशिक्षणानंतर! सभागृह या मुलांना बंद करावे, अशी लेखी मागणी आमच्याकडे आली आहे. ती आम्हांस मान्य नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली आणला. चारसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र होऊन बोलतात आणि अवघड प्रसंगी फासे टाकून निकाल लावतात. चोराचे पात्र १९७५ साली आले, मायावी जादूगारही त्याच वर्षी. १९७८ च्या नियमपुस्तकात ‘नोम’ या बुटक्या जमातीला दोन्ही विद्या एकदम घेण्याची मुभा मिळाली. त्याच पुस्तकातील आकडे आक्षेपकांनी पाहावेत. नवशिक्या चोराला खिसा कापण्यात यश येण्याची मूळ शक्यता शंभरात तीस, सावलीत लपण्याची अवघी दहा. चोरीच्या धंद्याची इतकी निराशाजनक जाहिरात आम्ही तरी अन्यत्र पाहिलेली नाही.

मायेचे नियम तर धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगावेत असे आहेत. २०१४ च्या आवृत्तीत भासमय भिंत डोळ्यांना दिसते. पण कोणी तिला हात लावला की हात आरपार जातो आणि भास उघडा पडतो. पुनरुत्थित प्रभूने भेदरलेल्या शिष्यांना, आपण भूत नव्हे हे पटावे म्हणून, चाचपून पाहण्यास सांगितले. थोमाला तर जखमेपाशी बोलावले. कसोटी तीच. आपल्या शेजारच्या दादरला २०२४ मध्ये ‘टोरेस’ नावाचे झगमगते दुकान उघडले. मॉयसनाइटचे खडे घ्या आणि दर आठवड्याला परतावा मिळवा, असे सांगितले गेले. जानेवारी २०२५ मध्ये पैसे थांबले आणि गुंतवणूकदारांनी दाराशी गर्दी केली. तेथे आपण मायावी आहोत असे आधी कोणी जाहीर केले नव्हते. आमच्या टेबलावरचा चकवा निदान पहिल्याच वाक्यात तसे सांगतो.

मग ही भीती आली कोठून? १९७९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एक विद्यार्थी नाहीसा झाला आणि वृत्तपत्रांनी दोष या खेळाला दिला. त्याच्या शोधासाठी नेमलेल्या खासगी गुप्तहेराने पुढे १९८४ च्या आपल्या पुस्तकात कारणे निराळीच असल्याचे लिहिले. परंतु त्याच वर्षी जॅक चिक यांनी ‘डार्क डंजन्स’ ही चित्रपुस्तिका काढली. तिच्यात हा खेळ मुलांना थेट चेटुकविद्येच्या दारात नेऊन सोडतो. आमच्या हाती आलेल्या मागणीपत्रात नेमका हाच सूर आहे. याच चिक यांनी पोपमहोदयांची निंदा आणि पवित्र मिस्साबलिदानाची टवाळी करणाऱ्या पुस्तिका छापल्या. ज्याला आपली वेदीच सैतानाची वाटते, त्याच्याकडून आपल्या मुलांसाठी भीती उसनी आणायची काय?

उसने आणायचेच तर घरचे आणावे. ‘द हॉबिट’ (१९३७) लिहिणारे जे. आर. आर. टोल्कीन हे निष्ठावंत कॅथलिक. १९०४ साली आई वारल्यावर फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी त्यांचे पालकत्व सांभाळले. त्यांच्या कथेचा नायक बिल्बो याला चोर म्हणूनच कामावर घेतले जाते. अदृश्य करणारी अंगठी त्याला सापडते. आणि शेवटी आपल्याच सोबत्यांचे सर्वांत मौल्यवान रत्न तो गुपचूप उचलून वेढा घालणाऱ्यांच्या हाती देतो, ते युद्ध टळावे म्हणून. या खेळातील बुटके चोर त्याच घराण्यातले. सुरुवातीच्या पुस्तकांत त्यांचे नावही हॉबिटच होते. हक्कांच्या वादामुळे ते बदलावे लागले.

एक आक्षेप मात्र आम्ही बाजूला सारणार नाही. चोरी शेवटी चोरीच, सातवी आज्ञा खेळापुरती स्थगित होते काय? (खेळातल्या चोरीचे पापनिवेदन करावे का, असे एका मातेने विचारले. करू नये, रांग आधीच मोठी असते.) हे तपासण्यासाठी आम्ही दोन रविवार मुलांजवळ बसलो. त्यांनी आपल्या शिवडीच्या किल्ल्याचाच नकाशा काढला होता. चकव्याने खाडीचे पाणी तटापर्यंत चढल्याचा भास उभा केला, पहारेकरी पळाले, थैली त्याच्या हाती आली. तेव्हा सूत्रधार असलेल्या नववीतल्या मुलीने शांतपणे सांगितले, की थैलीत त्या पहारेकऱ्यांचा महिन्याचा पगार आहे. आणि एकेकाचे नाव व घरची माणसे वाचून दाखवली. मुलगा बराच वेळ गप्प बसला. पुढच्या रविवारी त्याने अर्धी थैली परत नेऊन ठेवली. अर्धी ठेवून घेतली, हेही नोंदवले पाहिजे. त्यावरून त्याच्या सोबत्यांत जे भांडण जुंपले, तसे गंभीर भांडण परक्याच्या पैशावरून आम्ही मोठ्यांच्या सभेत क्वचितच ऐकले आहे.

तेव्हा सभागृह रविवारी तीन ते सहा उघडे राहील. मागणीपत्रावर सह्या करणाऱ्यांपैकी खेळ पाहिलेला एकही नाही, असे चौकशीअंती कळले. त्यांनी एकदा येऊन टेबलाशी बसावे. पात्र कोणते घ्यावे, ते मुले सांगतील. पहारेकऱ्यांच्या दोन जागा सध्या रिकाम्या आहेत.