अतिदक्षता विभागातील यंत्रांची हजेरी

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आग लागली. त्या दिवशी कोरोनाचे ११ रुग्ण दगावले. त्यानंतर रुग्णालयांच्या वायरिंगची आणि अग्निसुरक्षेची चर्चा राज्यभर झाली. मात्र खाटेजवळच्या अनेक यंत्रांना आता विजेसोबत नेटवर्कचीही जोडणी असते. तिची तपासणी क्वचितच होते.

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ल्याने सर्व्हर ठप्प झाले आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस कागदावर करावे लागले. नेटवर्कचे योग्य विभाजन नसल्याने हल्लेखोर आत शिरले, असे सरकारने संसदेत सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'कॉन्टेक सीएमएस ८०००' या मॉनिटरबाबत इशारा दिला. इंटरनेटला जोडताच तो रुग्णाची माहिती बाहेर पाठवू शकतो आणि दुरून त्याचा ताबाही घेता येऊ शकतो, असे आढळले होते. असा इशारा आल्यावर 'हे यंत्र आपल्याकडे आहे का, कोणत्या वॉर्डात?' याचे उत्तर लगेच मिळायला हवे.

मोजणीचा अनुभव देशाला आहे. केंद्राच्या वैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रमात २९,११५ आरोग्य संस्थांतील ७,५६,७५० उपकरणांची नोंद झाली, तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. त्या वेळी प्रश्न होता, यंत्र चालते का? आता विचारायला हवे, ते कोणाशी बोलते?

नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक असतो. त्याच्या पहिल्या भागावरून बहुधा निर्माता कळतो. यंत्र कोठे, कोणती माहिती पाठवते यावरून मॉनिटर, सीसीटीव्ही आणि प्रिंटर वेगळे ओळखता येतात. मात्र जुन्या वैद्यकीय यंत्रांना सतत संदेश पाठवून चाचपले तर ती अडखळू शकतात. म्हणून नेटवर्कवरील वाहतूक नुसती 'ऐकून' ओळख पटवणे सुरक्षित. यंत्रे दहा-पंधरा वर्षे चालतात, त्यांचे सॉफ्टवेअर त्याआधीच कालबाह्य होते; त्यामुळे आवृत्तीचीही नोंद हवी.

जिल्हा रुग्णालयाला यासाठी पहिल्या दिवशीच महागडी प्रणाली लागत नाही. यंत्र, वॉर्ड, सॉफ्टवेअर आणि जबाबदार व्यक्ती अशी नोंदवही, खरेदीच्या वेळीच त्यात भर, आणि वैद्यकीय यंत्रांसाठी कार्यालयीन संगणकांपासून वेगळे नेटवर्क, एवढ्याने सुरुवात होते. शिवाय नेटवर्क तोडावे लागले तर दर तासाला खाटेजवळ जाऊन नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन कोण नोंदवणार, हे प्रत्येक पाळीच्या परिचारिकेला आधीच माहीत असावे.