चढावर गिअर, उतारावर ब्रेक



गेल्या महिन्यात एक पत्र आलं. लिहिणारा मुलगा सहावीत आहे. अक्षर गिचमिड, पण मुद्दा स्वच्छ. त्याला डोंगरात चालवायची गिअरची सायकल हवी आहे. बाबा म्हणतात, "आधी आहे त्या सायकलवर जंगलापर्यंत जाऊन दाखव, मग बघू." मग त्याने मला विचारलंय, "बाई, साध्या सायकलवर जंगलात जाता येतं का? आणि गिअरने चढ सोपा होतो म्हणजे नेमकं काय होतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून पत्रलेखकाचे बाबा खूश होतील. डोंगरातली सायकल जन्मालाच आली ती जुन्यापुराण्या, बिनगिअरच्या सायकलींमधून!

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला माउंट तमालपाईस नावाचा डोंगर आहे. उंची साधारण ७८४ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षाही कमी. १९७०च्या दशकात तिथल्या काही तरुणांना एक वेड लागलं. १९३०-४०च्या सुमाराच्या, जाड टायरच्या, वजनाने दणकट सायकली भंगारातून शोधून काढायच्या, डोंगरावर चढवायच्या आणि मातीच्या रस्त्याने भन्नाट खाली सोडायच्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी चक्क शर्यतच लावली. रस्ता जेमतेम साडेतीन किलोमीटरचा, पण तेवढ्यात उतार सुमारे ४०० मीटरचा. सव्वाशे मजल्यांच्या इमारतीच्या जिन्यावरून सायकल सोडली असं समजा ना!

या शर्यतीचं नाव होतं 'रिपॅक'. नावात मोठी गंमत आहे. त्या जुन्या सायकलींना हाताचा ब्रेक नव्हता. पेडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या मधल्या हबमध्ये ब्रेक लागायचा. सबंध उतारभर ब्रेक दाबून दाबून ते हब इतकं तापायचं, की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. खाली पोचल्यावर हब उघडायचं आणि नवं ग्रीस भरायचं, म्हणजे 'रिपॅक' करायचं. त्यावरून रस्त्यालाही तेच नाव पडलं.

आता तुम्ही म्हणाल, ब्रेकने धूर कसा निघेल? तळहात एकमेकांवर जोरात घासून बघा. गरम झाले? तेच तिथे होतं. आपण चढ चढतो तेव्हा पायांनी केलेली मेहनत वाया जात नाही, ती उंचीच्या रूपाने साठून राहते. उतरताना ती परत मिळते वेगाच्या रूपात. वेग नको असेल तर ब्रेक त्या सगळ्याची उष्णता करून टाकतो. समजा, तुमचं आणि सायकलचं वजन मिळून ५५ किलो आहे आणि तुम्ही १०० मीटर उंचीवरून ब्रेक दाबत सावकाश खाली आलात. हिशेब केला तर तेवढ्या उष्णतेत एक कपभर चहाचं पाणी उकळेल! रिपॅकवाले तर मोठे, वजनदार गडी आणि उतार चौपट. सव्वा लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता त्या मुठीएवढ्या हबमध्ये. मग ग्रीसचं काय होणार?

या मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली अशा रस्त्यांसाठी खास नवी सायकल बांधली. त्याची पहिली सायकल आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९८१ साली कारखान्यात मोठ्या संख्येने बनणारी माउंटन बाइक बाजारात आली, आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ शिरलासुद्धा. भंगारातून ऑलिंपिक, तेही वीस वर्षांत. आपल्याकडे सरळ हँडलच्या, जाड टायरच्या सायकलला कितीतरी वर्षं सगळे सरसकट 'रेंजर'च म्हणायचे. तुमच्या काकांना किंवा मामांना विचारा, डोळे चमकतात की नाही बघा.

आता दुसरा प्रश्न, गिअरचा. याला भाषण नको, मोजणी हवी. सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करा. पुढच्या दातेरी चकतीचे दात मोजा, मागच्याचे मोजा. समजा पुढे ४४ आहेत आणि मागे २२. म्हणजे पेडल एकदा पूर्ण फिरवलं की मागचं चाक दोनदा फिरणार. चाकाचा घेर सोयीसाठी २ मीटर धरला, तर एका फेऱ्यात तुम्ही ४ मीटर पुढे जाल. सपाट रस्त्यावर मजाच मजा. पण चढावर एका फेऱ्यात स्वतःला आणि सायकलला ४ मीटर वर ओढायचं म्हणजे मांड्या भरून येतात.

गिअरच्या सायकलवर तुम्ही पुढे २२ दातांची आणि मागे ३२ दातांची चकती निवडू शकता. भागाकार करा. चाक एक फेरासुद्धा पूर्ण फिरत नाही, पाऊणच्याही आत राहतं. एका फेऱ्यात तुम्ही जेमतेम १.४ मीटर पुढे जाता. चार मीटरचं ओझं तुम्ही तीन हप्त्यांत उचललंत, एवढंच! एकूण मेहनत कमी झाली नाही, लहान लहान घास झाले. आई म्हणते ना, "एवढा मोठा घास घेऊ नकोस"? तसंच. म्हणून कुणी "गिअर टाकला की सायकल आपोआप चढते" असं सांगत असेल, तर त्याला जरा दात मोजायला लावा. (सायकलचे हं!)

गणित पुरे. चला जंगलात.

मुंबईत बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. चारी बाजूंनी शहर आणि मध्ये खरंखुरं जंगल, बिबट्यांसकट. मुख्य दरवाजापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता जंगलातून जातो. सायकलवर जंगल पहिल्यांदा बघायचं असेल तर असा रस्ता उत्तम, कारण तिथे गिअर नसला तरी अडत नाही. सुरुवातीला किरकोळ चढउतार. दोन्ही बाजूंना साग, ऐन, पळस, काटेसावर. गाडीतून गेलात तर हे सगळं हिरव्या पट्ट्यासारखं मागे पळतं. सायकलवर मात्र कानाला काम मिळतं. पाचोळ्यात काहीतरी खसफसलं की थांबावंसं वाटतं, आणि नव्वद टक्के वेळा ते सातभाई पक्षी असतात.

पावसाळ्यात रस्त्याकडेला हिरवीगार कारवी दिसेल. ही मोठी हट्टी. सात-आठ वर्षं नुसती पानं, आणि मग एका वर्षी सगळी मिळून जांभळी फुलं. या उद्यानात २०१६ साली ती फुलली होती आणि मग २०२४ साली. पुढची पाळी कधी येईल, तेव्हा तुम्ही कितवीत असाल, करा बेरीज.

शेवटचा टप्पा मात्र चांगला उभा आहे. तिथे साधी सायकल असेल तर सरळ खाली उतरायचं आणि ढकलायची. त्यात कमीपणा कसला? रिपॅकवालेसुद्धा आपली धुडं ढकलतच वर न्यायचे. वर गेलात की शंभराहून जास्त लेणी. काळ्या बेसॉल्ट खडकात इसवीसनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराला हे खोदकाम सुरू झालं आणि दहाव्या शतकापर्यंत माणसं इथे राबत होती. मोठ्या चैत्याजवळच्या उंचच उंच बुद्धमूर्ती सगळेच बघतात. तुम्ही आणखी एक गोष्ट बघा. लेण्यांच्या दाराशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि पावसाचं पाणी तिथवर आणणाऱ्या चर आहेत. जुन्या शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हणतात. डोंगरावर राहायचं तर आधी पाण्याची सोय! तुमची बाटली भरलेली आहे ना, हे तिथे आठवतं. डबा मात्र पिशवीतच ठेवा, माकडं टपलेलीच असतात.

जाताना काही गोष्टी घरी आधीच ठरवा. सोमवारी उद्यान बंद असतं. सायकल कुठपर्यंत नेता येईल, याचे नियम बदलत असतात, ते तिकीटखिडकीवर विचारून घ्या. सोबत मोठं माणूस हवंच. सकाळी उजाडल्यावर जायचं आणि दिवस मावळायच्या खूप आधी परतायचं. पहाट आणि तिन्हीसांजा बिबट्याच्या. त्याचं घर आहे ते.

आणि डांबरी रस्ता सोडून मातीत सायकल घालायची नाही. "बाई, मग जाड टायरचा उपयोग काय?" असं कोणीतरी पुटपुटलं, ऐकू आलं मला! ओल्या मातीत चाकाचा चर पडतो. पुढच्या सरीला पाणी तोच चर पकडतं. बघता बघता बोटभर चराची ओहळी होते, माती वाहून जाते, झाडांची मुळं उघडी पडतात. तमालपाईस डोंगरावर हाच वाद पेटला होता. चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांची जुंपली. कित्येक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. उरलेल्या रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची, म्हणजे २४ किलोमीटरची वेगमर्यादा आली, आणि पुढचं दिसत नाही अशा वळणावर फक्त ५ मैलांची. ज्या डोंगराने माउंटन बाइक जगाला दिली, त्याच डोंगरावर! मला विचाराल तर ती वळणावरची मर्यादा अगदी रास्त आहे. वळणापलीकडून एखादी आजी काठी टेकत येत असेल.

उलट राजस्थानात भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान बघा. सुमारे २९ चौरस किलोमीटर, बहुतेक सपाट पाणथळ. १९८५ साली ते जागतिक वारसा ठरलं. तिथे माणसं पक्षी बघायला पायी, सायकलने किंवा सायकलरिक्षाने फिरतात. चाक मोटारीसारखं गुरगुरत नाही म्हणून पक्षी उडत नाहीत. राजस्थानला सहल निघाली तर विसरू नका.

आता एक गोष्ट सांगते. खरं तर सांगायची नव्हती.

मी आठवीत होते. आमच्या गावाहून शाळेला जायला छोटा घाट लागायचा. ब्रेक दाबला की कर्र आवाज यायचा, हे मला पंधरा दिवस माहीत होतं. बाबांना सांगितलं असतं तर सायकल दुकानात गेली असती आणि दोन दिवस पायी जावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले. एका संध्याकाळी मावसबहिणीला कॅरिअरवर घेऊन उतार उतरत होते. मध्यावर ब्रेक दाबला, कर्र झालं आणि वेग काही कमी होईना. पुन्हा दाबला. पुढे वळण, वळणाला दरी. मी हँडल डोंगराच्या बाजूला वळवलं आणि आम्ही दोघी करवंदीच्या जाळीत. मला हनुवटीवर तीन टाके पडले, अजून दिसतात. बहिणीचा हात महिनाभर प्लास्टरमध्ये होता. तिची त्या वर्षी चित्रकलेची परीक्षा होती. उजवाच हात.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ब्रेकचे रबर काढून माझ्यासमोर ठेवले. झिजून पार सपाट. आतला पत्रा चाकाच्या रिंगवर घासत होता, तोच तो आवाज. बाबा रागावले नाहीत. "कधीपासून वाजत होता?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "कालपासून." ते खोटं होतं आणि त्यांना ते कळलं होतं. मावशीकडे जाऊन मी खरं सांगितलं, त्याला आणखी चार दिवस लागले.

तर पत्रलेखका, तुझ्या बाबांना हा भाग वाचायला दे. बाबा, गिअरची सायकल घ्यायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण आहे त्या सायकलचे ब्रेकचे चारही रबर या रविवारी दोघांनी मिळून तपासा. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर बदला, खर्च किरकोळ असतो. ब्रेकची तार कुठे उसवली आहे का, बघा. आणि गिअरच्या आधी हेल्मेटचे पैसे बाजूला काढा, डोक्याला घट्ट बसणाऱ्या हेल्मेटचे. मोठ्या भावाचं, कपाळावर घसरणारं चालणार नाही.

आणि तू, दादा, उतारावर वेग वाढल्यावर ब्रेक शोधू नकोस, सुरुवातीपासूनच थोडा थोडा लावत ये. वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात नाही. दोन्ही ब्रेक एकत्र दाब. एकटा पुढचा ब्रेक एकदम आवळलास तर मागचं चाक उचललं जातं आणि स्वारी हँडलवरून पलीकडे! कोणत्या हाताचा ब्रेक पुढचा आहे, हे घराच्या अंगणात बघून ठेव, घाटात नाही.

पुढच्या आठवड्यापर्यंतचा गृहपाठ सगळ्यांना. आपापल्या सायकलचे पुढचे-मागचे दात मोजा, चाकाचा घेर दोऱ्याने मोजा आणि पेडलच्या एका फेऱ्यात तुमची सायकल किती पुढे जाते, ते काढा. मग अंगणात खडूच्या दोन रेघा मारून ताडून पाहा. उत्तर चुकलं तरी पत्र पाठवा. आणि ब्रेक वाजत असेल, तर पत्र नंतर लिहा, आधी घरात सांगा.

तुमची,
बाई