तारेचा रेनकोट

बेस गिटारच्या तारा दर महिन्याला बदलाव्यात असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या खुशाल बदलाव्यात. पैसे त्यांचे, तारा त्यांच्या. पण दुसऱ्याच्या गिटारवर वाकून, डोळे बारीक करून, 'काका, कोटिंग गेलं की हो तुमचं!' असं चारचौघांत ओरडण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला, हे मला एकदा कळायला हवं आहे. आपल्याकडे डोक्यावरचे केस गेलेल्या माणसालासुद्धा कुणी असं तोंडावर बोलत नाही.

बेस गिटार म्हणजे काय हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्या वाद्याचं दुर्दैव असं की ते ऐकू सगळ्यांना येतं आणि ओळखत कुणी नाही. ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत, ड्रमवाल्याच्या बगलेत, लांबलचक दांड्याची गिटार घेऊन जो गृहस्थ उभा असतो आणि ज्याच्याकडे फोटोग्राफर चुकूनही वळत नाही, तो बेसवाला. आर. डी. बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस वाजतो तेव्हा तुमचा पाय आपोआप हलतो. पण पाय कुणी हलवला, हे तुम्ही कधी विचारलंय? चालायचंच. आमच्या गिटारला तारा चारच. 'उरलेल्या दोन कधी बसवणार?' हा प्रश्न गेली तीस वर्षं प्रत्येक लग्नाच्या हॉलमध्ये मला कुणी ना कुणी विचारत आलेलं आहे. या चार मात्र साध्यासुध्या नव्हेत. सगळ्यांत जाडी ती ई. ती सेकंदाला ४१ वेळा थरथरते. चौघींचा मिळून ताण ऐंशी किलोच्या घरात जातो. म्हणजे एक खात्यापित्या घरचा मेव्हणा चोवीस तास गिटारच्या मानेला लोंबकळत असल्यासारखं.

आता तार मरते कशी ते ऐका. ही तार म्हणजे एक सरळसोट पोलादी गाभा आणि त्याच्याभोवती स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळलेली दुसरी, बहुधा निकेलचा मुलामा दिलेली तार. वेटोळ्यावेटोळ्यांमध्ये बारीक फटी. वाजवणारा वाजवत राहतो आणि त्या फटींत त्याचा घाम, बोटांचं तेल, कातडीचा भुगा आणि मध्यंतरातल्या बटाटेवड्याचा अंश जमा होत राहतो. तार जड होते, आळसावते. आधी वरचे, झणझणीत स्वर जातात. मग 'टंग' वाजणारी तार 'ठप्प' वाजायला लागते. त्यात आमची वस्ती माहीमची. जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे तारेची काय कथा!

यावर जुना इलाज म्हणजे तारा उकळणं. थट्टा नव्हे, जगभरचे बेसवाले हे करत आलेले आहेत. चारही तारा काढायच्या, वेटोळं करून दहा मिनिटं उकळत्या पाण्यात टाकायच्या, पुसून वाळवायच्या. मळ सुटतो आणि तारेला चार दिवसांची तरतरी येते. आमच्या घरी हा प्रयोग एकदाच झाला. दुधाच्या पातेल्यात. त्यानंतर सौ.ने ते पातेलं 'तुमचं पातेलं' म्हणून वेगळं काढून ठेवलं, आणि त्यात मला आठवडाभर चहा मिळाला.

तर अशा या मळाच्या दुनियेत कोटेड तार आली. तिची वंशावळ मोठी गमतीची आहे. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला भलतंच काही शोधताना एक निसरडा पांढरा पदार्थ सापडला. तोच पुढे टेफ्लॉन म्हणून तुमच्या-आमच्या नॉनस्टिक तव्यावर येऊन बसला. १९६९ साली बॉब गोर या गृहस्थाने त्याच पदार्थाची तापवलेली कांडी वैतागून हिसका देऊन ओढली, ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणली गेली, आणि त्यातून पाणी आत न घेणारं, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देणारं रेनकोटचं कापड निघालं. पुढे गोर यांच्याच कंपनीतल्या एका इंजिनिअरने सायकलच्या गिअरच्या केबलला तसलंच काहीतरी फासून बघितलं, आणि तिथून ते गिटारच्या तारेवर गेलं. एलिक्सर नावाच्या तारा १९९० च्या दशकात बाजारात आल्या त्या या वाटेने. म्हणजे तवा, रेनकोट, सायकल आणि गिटार, सगळं एकाच गोत्रातलं. लग्न जुळवताना लोक एवढं जुनं खणत नाहीत.

ही तार खोटी नाही, हे मी आधीच कबूल करतो. तारेवर एक अतिपातळ पडदा असतो. फटींवरूनही तो ताणलेला असतो, म्हणून मळ आत शिरत नाही. माहीमच्या हवेत साधी तार जिथे दोन-तीन महिन्यांत मान टाकते, तिथे ही पाऊसकाळ काढते. किंमत साध्या संचाच्या जवळजवळ दुप्पट. पण तिप्पट टिकली तर सौदा आपल्या बाजूचा, हे कुठलाही बँकेतला माणूस तोंडी सांगेल. मी बँकेतलाच आहे, होतो.

भांडण इथून पुढे आहे. उजव्या हाताची बोटं जिथे तार छेडतात तिथला पडदा काही काळाने विरतो आणि त्याचे बारीक पांढुरके तंतू लोंबायला लागतात. याला आमच्याकडे 'तारेला केस आले' म्हणतात. आणि केस दिसले रे दिसले की लोक तार उतरवतात! तव्याचा न्याय तारेला. तव्याचं कोटिंग गेलं की धिरडं चिकटतं, म्हणून तवा टाकतात, ते ठीक आहे. तारेवर कुणी धिरडी घालत नाही. चार बोटं रुंदीच्या जागेत पडदा विरला. उरलेली हातभर तार अजून झाकलेली आहे, आवाज काल होता तोच आज आहे. मग मेलं कोण? रेनकोट कोपरावर फाटला म्हणून आतल्या माणसाला कुणी स्मशानात नेतं का?

आणि उलटही ध्यानात घ्या. रेनकोट कोरा करकरीत आहे म्हणून आतला माणूस ठणठणीत असेलच असं नाही. मळ हे तारेच्या मरणाचं एक कारण झालं. दुसरं असं की आपण तार दाबतो तेव्हा खालच्या धातूच्या पट्टीवर, फ्रेटवर, ती दररोज हजार वेळा आपटते आणि तिला खाचा पडतात. हे आपटणं कोटिंगला विचारून होत नाही. काही कंपन्या तर गुंडाळायची तारच आधी माखून घेतात आणि मग गाभ्यावर चढवतात. तसल्या तारेला लोंबते केस सहसा येतच नाहीत. मग त्या अमर समजायच्या? बिलकूल नाही. दिसायला लखलखीत आणि आवाज ओल्या गोणपाटाचा, अशा कोटेड तारा मी स्वतः ऐकल्या आहेत. साधी तार निदान काळी पडून आपली तब्येत सांगते. ही बया शेवटपर्यंत पावडर लावून बसते.

मग तार गेली हे ओळखायचं कसं? डोळे मिटून. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं हलकं बोट टेकवून एक स्वर काढा, मग तिथेच तार दाबून दुसरा काढा. काल जुळणारे हे दोन आज जुळेनासे झाले, आणि गिटारमध्ये दुसरा बिघाड नाही, तर तार जागोजाग कमीजास्त जड झाली, तिचं वय झालं. तारेच्या पोटाखालून नख फिरवा. फ्रेटच्या जागी नख ठेचकाळलं तर तेही पुरावा म्हणून धरा. आणि सगळ्यांत सोपं म्हणजे जाडी ई मोकळी छेडा आणि ऐका. बहुधा तीच आधी बसते. यात केसांचा संबंध कुठे आला?

पण ऐकायचं कुणी? आमच्या ऑर्केस्ट्रात एक पोरगा आहे. दिवसा कुरिअरच्या ऑफिसात पाकिटं लावतो, रात्री बेस वाजवतो, आणि कान असा की माझ्यासारख्याने हेवा करावा. गेल्या गणपतीच्या आधी एका दुकानात त्याची गिटार बघून काउंटरवरच्या माणसाने जाहीर केलं की तारा 'एक्स्पायर' झाल्या. झाल्या होत्या काय, तर छेडायच्या जागी केस आले होते. पोराने दोन नाइटचं मानधन मोजून नवा कोटेड संच घातला. जुन्या तारा पिशवीत घालून माझ्याकडे आणल्या, 'काका, यांचं काय करायचं?' म्हणून. मी त्या माझ्या गिटारला लावल्या. चांगल्या आठ महिने वाजल्या. त्या आठ महिन्यांत त्याने, केस आले की बदल, केस आले की बदल, असं करून आणखी दोन संच संपवले. दुप्पट पैसे देऊन रेनकोट घ्यायचा आणि पहिली सर अंगावर आली की तो टाकून द्यायचा, याला व्यवहार म्हणत नाहीत. दुकानदाराला म्हणता येईल.

याचा अर्थ तारा कधीच बदलू नयेत असं म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसतो असा कुणी काढू नये. तोही एक पंथ आहे आणि त्यांचा देव मोठा आहे. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या रेकॉर्डवर ज्याचा बेस आहे तो जेम्स जेमरसन तार तुटल्याशिवाय बदलत नसे, अशी त्याची ख्याती. हे सांगताना भक्तांचा आवाज गहिवरतो. पण त्याच्या तारा गोल नव्हे, सपाट पट्टी गुंडाळलेल्या होत्या, हे सांगायचं ते सोयीस्करपणे विसरतात. सपाट तारेत मळाला शिरायला फट जवळजवळ नसतेच. ती वर्षानुवर्षं एकाच मऊ, गोल आवाजात बोलते. ज्याला जुनी गाणी वाजवायची आहेत आणि तारांवर खर्च नको आहे त्याने सरळ सपाट तारा घ्याव्यात, हे कोटिंगवाले कधी सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. उलट ज्याला झणझणाट हवा त्याची गोष्ट वेगळी. १९६६ साली लंडनच्या 'द हू'मधल्या जॉन एंटविसलला पियानोसारखी खणखणीत तार हवी होती. जेम्स हाऊ यांच्या रोटोसाउंडने त्याच्याबरोबर बसून ती तयार केली, आणि गोल तारांचा जमाना सुरू झाला. तसं वाजवणाऱ्याने, किंवा उद्या रेकॉर्डिंगला बसणाऱ्याने, आज नव्या तारा जरूर चढवाव्यात. माझी ना नाही. पण 'पल पल दिल के पास'च्या मागे, ढोलकी-ऑक्टोपॅडच्या गदारोळात, मंडपातल्या फाटक्या स्पीकरवर तुमची तार दोन महिन्यांची की दहा महिन्यांची, हे पहिल्या रांगेतल्या नगरसेवकाला कळणार आहे का? त्याला बेस आहे हेच कळत नाही.

परवा त्या पोराला मी समोर बसवलं, त्याचे डोळे रुमालाने बांधले आणि त्याची व माझी, दोन्ही गिटारींची ई आळीपाळीने छेडली. चार वेळा विचारलं, यातली नवी कुठली? दोनदा त्याने त्याची सांगितली आणि दोनदा माझी. रुमाल सोडल्यावर बराच वेळ तो माझ्या तारेच्या केसांकडे बघत होता. मग म्हणाला, 'काका, नेलकटर आहे का?'

मी दिलं. छेडायच्या जागचे सगळे तंतू त्याने एकेक करून छाटले, आणि मग स्वतःची गिटार मांडीवर घेतली.