शिकाऊ म्हणता, मग शिकवता काऊन नाही?

२०१९ च्या पवित्र पोर्टलच्या भरतीत शिक्षणसेवक म्हणून लागलो. मी अकोल्याचा, शाळा मेळघाटात, धारणी तालुक्यात. हाती नेमणुकीचं पत्र अन् वर्गाची चावी. झालं प्रशिक्षण!

पहिलीतलं एक लेकरू सारखं 'डा, डा' म्हणे. मी दोनदा दटावून खाली बसवलं. शेवटी खिचडीवाल्या मावशी म्हणाल्या, "सर, पानी मागून रायलं ते." कोरकूत डा म्हणजे पाणी. दोन वर्षांच्या डी.एड.मध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या लेकराचं तोंड अजून आठवते.

शिक्षणसेवक योजना २००० सालची. तीन वर्षं पूर्ण पगार नाही, नुसतं मानधन. आमच्या वेळी महिना ६०००, जानेवारी २०२३ पासून १६०००. वाढलं ते बरंच झालं (आमचं गेलं ते गेलंच). पण शिकाऊ म्हणून पगार कापता, तर त्या तीन वर्षांत शिकवते कोण? हॉलमधली पीपीटी, चहा, सह्या अन् ग्रुप फोटो, याला मी शिकवणं म्हणत नाही.

नवीन शिक्षकाला पहिले पंधरा दिवस मेळघाटातल्याच एखाद्या जुन्या गुरुजींच्या वर्गात मागच्या बाकावर बसवा. सोबत कोरकू बोलणारं माणूस द्या. यात कोणता जीआर आडवा येते, ते साहेबांनी सांगावं.