बक्षिशी आपखुशीची

परीक्षेतील यश, पहिला पगार, वाढदिवस अशा आनंदाच्या प्रसंगी कुटुंबासह एखाद्या उंची उपाहारगृहात जेवावयास जाण्याची प्रथा आता आपल्या शहरांत चांगलीच रुजली आहे. अशा जेवणाचे समाधान दोन गोष्टींवर अवलंबून असते: पानात काय आले आणि शेवटी बिलात काय आले.

अलीकडेच दिल्लीतील एका नामांकित उपाहारगृहात आम्हांला या दोहोंचा प्रत्यय आला. मंद आचेवर रात्रभर शिजविलेली उडदाची डाळ अत्यंत रुचकर होती. वृद्ध मातोश्रींना तंदुरी रोटी चावत नाही, हे न सांगताच ओळखून वाढप्याने मऊ फुलके करवून आणले. बिल आले तेव्हा मात्र त्यात दहा टक्के सेवाशुल्क आमच्या संमतीवाचून चढविलेले होते. मुलांसमोर, पाहुण्यांसमोर पैशांवरून हुज्जत नको, या भिडेपोटी अनेक कुटुंबे असे बिल मुकाट्याने चुकते करतात.

वस्तुस्थिती अशी आहे. वस्तू व सेवा कर देणे प्राप्तच आहे. बहुतेक स्वतंत्र उपाहारगृहांत तो ५ टक्के असतो. सेवाशुल्क हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वे वैध ठरविली. हिशेब पाहा: ३,००० रुपयांच्या जेवणाचे करासह ३,१५० रुपये होतात. दहा टक्के सेवाशुल्क मिळवून त्यावरही कर आकारला, तर तेच बिल ३,४६५ रुपयांवर जाते.

तेव्हा संकोच न करता, पण आवाजही न चढविता, शुल्क वगळण्यास सांगावे. आम्ही तसे सांगितले. 'ही आमच्याकडील रीतच आहे,' असे व्यवस्थापक प्रथम म्हणाले. नंतर त्यांनी बिल बदलून दिले. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

यात वाढप्यावर अन्याय होतो, असे समजू नये. बिलातील शुल्कापैकी त्याच्या पदरात किती पडते, हे आपणांस कळत नाही; आपण हातावर ठेवलेली बक्षिशी मात्र त्याला खचित मिळते. फुलके आणणाऱ्या त्या तरुणाला मातोश्रींनी स्वतः बोलावून ती दिली. चांगल्या सेवेचे चीज अवश्य करावे. परंतु ते आपल्या खुशीने व्हावे, बिलाच्या सक्तीने नव्हे.