भय मुलांचे, दोष आपला

नागपूरला समुद्र नाही. तरीही समुद्रकाठच्या लेकरांच्या हिताचा एक कायदा नागपुरातच संमत झाला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर शासनाने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, सर्पदंश झालेल्यास औषधोपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हे आता गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे.

‘आपण ख्रिस्ती, आपल्याला या कायद्याचे काय?’ असे म्हणणाऱ्या बांधवांशी माझा वाद आहे. वसईपासून उत्तन-गोराईपर्यंतच्या किनाऱ्यावर आपलीही माणसे राहतात. स्नानसंस्काराने आपल्या घरातली दृष्ट, करणी आणि भुतेखेते खरोखर बुडाली काय?

वाचकहो, एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. बाप होडीवर गेलेला. तिन्हीसांजेला धाकट्या भावाला साप चावतो. वडीलधारे भगताला बोलावणे धाडतात. दहा वर्षांच्या बहिणीला शाळेत शिकविले आहे की, विषावरची लस दवाखान्यात मिळते. बोलावे तर ती उद्धट ठरते. गप्प राहावे तर भाऊ जातो. एकटीने धावत जाऊन डॉक्टरांना गाठावे, तर वाटेतल्या चिंचेवर हडळ बसलेली!

ती हडळ तिथे कोणी बसविली? आपणच. पोर वेळेवर घरी यावे, ताटातले निमूट जेवावे, म्हणून आपण तिला भुताचा धाक घातला. आपल्या सोयीसाठी पेरलेले ते भय आज तिच्या कर्तव्याच्या वाटेत उभे आहे. ती धावलीच, तर आपण तिच्या धैर्याचे गोडवे गाऊ. पण मोठ्यांनी करायचे काम लेकराच्या माथी मारून वर त्याचे कौतुक करणे, यात कसला आला मोठेपणा?

हा कायदा श्रद्धेवर घाला घालतो, असाही सूर निघाला होता. घरातल्या वा चर्चमधल्या प्रार्थनेला त्यात मुळीच आडकाठी नाही. उलट, १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने अंधश्रद्धा व जादूटोणा यांना पहिल्या आज्ञेचा भंग मानले आहे.

शिष्यांपैकी कित्येक मुरलेले मच्छीमार होते. रात्री पाण्यावरून येणारा प्रभू दिसताच तेही भूत समजून ओरडले. प्रभूने त्यांचे भय वापरले नाही. आपली ओळख देऊन ते घालविले. आपण मात्र लेकरांचे भय जपून ठेवतो, कारण ते आपल्या उपयोगी पडते.

म्हणून मागणी साधी आहे. सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते, हे प्रत्येक धर्मग्रामात वेदीवरून सांगितले जावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलाने ‘भूत असते का?’ असे विचारले, तर त्याला दटावू नये. सरळ उत्तर द्यावे. आणि आजच रात्री, लेकराला निजविताना, चिंचेवरची ती हडळ आपल्याच तोंडाने खाली उतरवावी. कायदा विधानभवनात झाला. हे काम मात्र घरातच व्हायचे आहे.