कॅज्युअल म्हणजे नक्की काय?

मंडळी, आपल्या दुनियेत 'कॅज्युअल' म्हणजे शुक्रवारची जीन्स, नाहीतर वर्षअखेरीला वाया जाणारी रजा. रेल्वेत मात्र हा शब्द लावून माणसांना वर्षानुवर्षं लटकत ठेवलं गेलं. आज त्यावर जरा तावातावाने लिहिणार आहे.

आपली पुणे-मिरज लाईन घ्या. विकेंडला साताऱ्याला, कराडला, सांगलीला घरी जाणारे आपल्यातले कितीतरी जण याच रुळांवरून जातात. इथलं मीटरगेज गेलं, ब्रॉडगेज आलं. मिरज-कुर्डुवाडीचं नॅरोगेजही गेलं. मग विद्युतीकरण, दुहेरीकरण. शंभराहून जास्त वर्षं झाली, इथली खडी टाकायची कामं काही संपत नाहीत. पण खडी टाकणारा मात्र दर वेळी 'तात्पुरता'!

सगळा खेळ दिवस मोजण्याचा. चालू लाईनवर सलग १२० दिवस भरले की कॅज्युअल मजुराला 'टेम्पररी स्टेटस' मिळायचं, म्हणजे रोजंदारीऐवजी वेतनश्रेणी, रजा, थोडंफार संरक्षण. प्रकल्पावरच्या मजुराला तेवढंही नव्हतं. पुढे मिळालं ते ३६० दिवसांनंतर. फावडं तेच, ऊन तेच, दिवस तिप्पट. आणि ज्याला पगार द्यायचाय त्याच्याच हातात हजेरीपट असेल, तर ११९ व्या दिवशी काय होऊ शकतं हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

हे ३६० दिवससुद्धा कोर्टात भांडून मिळाले. इंद्रपाल यादव खटल्यात रेल्वेने योजना मांडली, पण १ जानेवारी १९८४ ला कामावर असलेल्यांसाठीच. म्हणजे ज्यांनी कोर्टातून स्थगिती आणली ते टिकले, म्हणून आत. ज्यांना कोर्टाची पायरी चढणं जमलं नाही ते बाहेर. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती तारीख १ जानेवारी १९८१ पर्यंत मागे नेली. नाहीतर हक्क घामाने नाही, वकिलाने ठरला असता.

कॅज्युअल सोडा, कायम लोकांचीही गत बघा. मिरजेला येणारी बार्शी लाईट रेल्वे खाजगी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ पासून ती सरकार घेणार म्हणून कंपनीने आदल्या नोव्हेंबरात सगळ्यांना नोटीस दिली: ३१ डिसेंबरला नोकरी संपली. रूळ तेच, बहुतेक माणसंही तीच, पण नव्याने घेतलेली. युनियनने भरपाई मागितली. मुंबई हायकोर्टात जिंकले, १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. मालक बदलला म्हणजे कामगारकपात होत नाही म्हणे! १९५७ मध्ये संसदेला कायद्यातच दुरुस्ती करावी लागली.

आणि पेन्शन? २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नंतर कायम झालेल्यांची कॅज्युअल सेवा पेन्शनसाठी निम्मी धरा. तेही भांडून! खडी काही त्यांनी निम्मी टाकली नव्हती.

आता नेहमीचा आक्षेप: 'पर्मनंट केलं की कोण काम करतंय?' हे कोण म्हणतं, तर सहा महिन्यांचं प्रोबेशन संपून आठवडा झाला आणि कन्फर्मेशन लेटर आलं नाही की ज्याची झोप उडते तो. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: मागच्या दाराने भरती नको. २००६ च्या उमादेवी निकालात सुप्रीम कोर्टही तेच म्हणालं. मान्य. पण ते मागचं दार उघडतं कोण? मजूर नाही, साहेब. डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात कोर्टानेच सुनावलं की उमादेवीची ढाल करून वर्षानुवर्षं राबलेल्यांचे हक्क नाकारू नका.

आता तर रेल्वेने थेट कॅज्युअल ठेवायचीही कटकट उरलेली नाही, मध्ये ठेकेदार आहे. २०१८ पासून श्रमिक कल्याण पोर्टल आहे, चांगलंच आहे. पण त्यात हजेरी-पगार भरायचा कोणी? ठेकेदारानेच! वेटिंग ४३ वरून २७ वर आलं हे आपल्याला क्षणात कळतं. मग आपले किती दिवस भरले हे मजुरालाही त्याच्या मोबाईलवर, मराठीत, रोजच्या रोज दिसलं पाहिजे. खाडा चुकीचा लागला तर त्याच दिवशी हरकत घेता आली पाहिजे. ठेकेदार बदलला तरी मागचे दिवस पुसले जाता कामा नयेत. आणि जे काम बारमाही आहे, तिथे पदही कायम हवं.

असो. रूळ कायमचे लागतात, तर माणूस हंगामी कसा चालतो?